परसातील पाखरांचे चित्रण

वाईला कृष्णेच्या घाटापासून थोड्या अंतरावर आमचे घर आहे. पुढे ओटी आणि मागे परस, अशी त्याची जुन्या पद्धतीची बांधणी. परस फार मोठे नाही. एका कोपऱ्यात पेरूचे झाड, त्याच्या शेजारी कढीलिंब, मोरीचे पाणी जाते त्या बाजूला केळी, भिंतीलगत जास्वंद व तगर, आणि शेजाऱ्यांच्या व आमच्या परसांमध्ये मेंदीचे दाट कुंपण, एवढाच त्याचा विस्तार. परंतु एवढ्याशा जागेत किती पाखरे येतात आणि येऊन काय करतात, हे मला चाळीस वर्षांत समजले नव्हते. ते माझ्या बारा वर्षांच्या पुतण्याने दाखवून दिले. त्याच्याजवळ दुर्बीण नव्हती की मोठा कॅमेरा नव्हता. त्याच्या आईने नवा मोबाईल घेतल्यावर जुना कपाटात पडून होता. त्याच्या काचेला एका कोपऱ्यात तडा गेला होता; पण कॅमेरा चांगला चालत होता. तोच त्याने मागून घेतला.

पहिल्या आठवड्यात त्याने घेतलेल्या चित्रफिती पाहून घरातील सर्वांना हसू आले. पेरूचे झाड दिसे, आकाश दिसे, आणि एका फांदीवर मोहरीएवढा काळा ठिपका दिसे. “आजी, हा दयाळ आहे,” असे तो सांगे. “असेल हो,” असे म्हणून आजी चष्मा पुसू लागे. मग त्याने काचेवर दोन बोटे फाकवून चित्र मोठे केले. त्याबरोबर ठिपका मोठा झाला खरा, पण तो ठिपकाच राहिला, आणि वर अंधुक झाला. असे का होते, हे तुम्हांला सहज समजण्यासारखे आहे. न फुगवलेल्या फुग्यावर शाईने एक पाखरू काढा आणि मग फुगा फुगवा. पाखरू मोठे होईल, पण त्याच्या पंखावर एकही नवे पीस उमटणार नाही. बोटांनी चित्र मोठे करताना मोबाईल बहुधा हेच करीत असतो. काही नव्या मोबाईलांत दूरचे पाहण्यासाठी वेगळे भिंग असते. तरी पेरूच्या शेंड्यावरील दयाळाचे डोळे दाखविणे त्यांनाही कठीणच.

तेव्हा जवळ जाण्यावाचून उपाय नव्हता, आणि जवळ गेले की पाखरू उडून जाई. दोन-तीन दिवस या पेचात गेल्यावर मुलाला एक गोष्ट सुचली. आपण पाखराकडे जाण्यापेक्षा पाखरानेच मोबाईलकडे यावे, अशी व्यवस्था का करू नये?

त्याने एक मातीचा परळ आणला, त्यात दोन बोटे खोल पाणी भरले आणि मध्यभागी एक खडबडीत दगड ठेवला. पाखरांना खोल पाण्याचे भय वाटते. उथळ पाणी आणि पाय टेकायला दगड असला की ती निर्धास्तपणे उतरतात. परळ झुडपापासून चार हात दूर, मोकळ्यावर ठेवला, कारण शेजारचे मांजर झुडपाच्या आड दबा धरून बसते हे आम्हांला ठाऊक होते. परळापासून हातभर अंतरावर मोबाईल उभा केला. त्याची घंटी बंद केली, आणि मधेच कोणाचा फोन येऊन चित्रण थांबू नये म्हणून त्यातील सिमकार्डही काढून ठेवले. पहिल्याच दिवशी मोबाईल उन्हाने इतका तापला की आपोआप बंद पडला. मग दोन विटा उभ्या करून त्यांवर एक जुने कौल आडवे टाकले आणि त्या घरकुलात मोबाईल ठेवला. याने सावली झाली, आणि पाखरांच्या नजरेला ती चकचकीत काचही दिसेनाशी झाली. इतके करून आम्ही घरात निघून आलो.

दोन दिवस कोणी आले नाही. तिसऱ्या दिवशीच्या चित्रफितीत बराच वेळ नुसते पाणी आणि दगड दिसत होता. पाहणाऱ्यांपैकी एकेक जण उठून जाऊ लागला. इतक्यात पडद्याच्या एका कडेने बुलबुल आला. डोक्यावर काळी शेंडी, शेपटीखाली लाल ठसा. आजपर्यंत त्याला आम्ही पेरूवरच पाहिला होता; आता तो हातभर अंतरावर होता. त्याने प्रथम मान वाकडी करून पाण्याकडे पाहिले, मग आकाशाकडे पाहिले, दगडावर उतरला, एक घोट घेतला आणि पुन्हा आकाशाकडे पाहिले. पाणी पिण्याइतके साधे काम, पण त्यातही प्रत्येक घोटागणिक तो शत्रूचा कानोसा घेत होता. उठून गेलेली माणसे परत येऊन बसली. पुढे सातभाई आले. त्यांचे सारेच निराळे. एक आला की मागोमाग सगळा घोळका, एकाच परळात तीन-चार जण, पंखांची फडफड, पाण्याचा शिडकावा, आणि अखंड कलकल. परंतु नीट पाहिले तेव्हा दिसले की त्या गोंधळातही एक सातभाई कुंपणावर उंच बसला होता. तो पाण्याला शिवलाही नाही. बाकीचे आंघोळ करीत असताना तो चहूकडे पाहत होता. आजी म्हणाली, “घरात वडील माणूस असावे ते असे.” ते पाखरू वडील होते की धाकटे, हे आम्हांला सांगता आले नाही.

पाखरांची हालचाल चित्रात धरून ठेवण्याची हौस आजची नाही. फ्रान्समध्ये एत्येन-ज्यूल मारे नावाचे एक शास्त्रज्ञ होऊन गेले. पक्षी उडतो तेव्हा त्याचे पंख नेमके कसे हलतात, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. नुसत्या डोळ्यांना ते दिसेना, म्हणून १८८२ साली त्यांनी एक विलक्षण कॅमेरा तयार केला. तो थेट बंदुकीसारखा होता. नळीत भिंग होते, आणि घोडा दाबला की एका सेकंदात १२ छायाचित्रे निघत. मारे उडत्या पाखरावर नेम धरून घोडा दाबीत, आणि पाखरू मात्र आपल्या वाटेने पुढे उडत जाई. पुढे दहा वर्षांनी, १८९२ साली, इंग्लंडमधील रिचर्ड व चेरी कीर्टन या दोघा भावांनी अंडी असलेल्या एका घरट्याचे छायाचित्र घेतले, आणि मग तोच त्यांचा व्यवसाय झाला. रानातील पाखरांनी बुजू नये म्हणून त्यांनी नाना सोंगे केली. १९०० साली तर त्यांनी एका बैलाचे कातडे पोकळ सांगाड्यावर चढवून त्याचा उभा बैल केला. एक भाऊ कॅमेरा घेऊन त्या बैलाच्या पोटात शिरे आणि तासन् तास अवघडून उभा राही. चरणाऱ्या बैलाला पाखरे भीत नाहीत, हे त्यांना माहीत होते. विटांवर कौल टाकून आम्ही केले ते त्यांच्याच युक्तीचे गरिबाघरचे रूप म्हणावयाचे.

मारे यांच्या बंदुकीला सेकंदास १२ चित्रे साधत. आमच्या त्या तडा गेलेल्या मोबाईलला १२० साधत होती. यालाच मंदगती चित्रण किंवा स्लो मोशन म्हणतात. यातले गणित असे. एका सेकंदात १२० चित्रे घ्यावयाची आणि पाहताना ती सेकंदाला ३० या वेगाने पाहावयाची. १२० ला ३० ने भागा. एक सेकंदाची घटना चार सेकंदांची होते. सेकंदाला २४० चित्रे घेणारे मोबाईलही आता पुष्कळांच्या घरी असतात. त्यांत ती आठ सेकंदांची होईल.

आमच्या जास्वंदीवर रोज सकाळी शिंजीर येई. त्याला कोणी सूर्यपक्षीही म्हणतात. अंगठ्याएवढे शरीर, बाकदार चोच, आणि उन्हात जांभळा-निळा चमकणारा रंग. तो आला, फुलाशी थरथरला आणि गेला, एवढेच आम्हांला इतकी वर्षे दिसत आले होते. तो फुलातील मध पितो आणि जाताना परागकण नेतो, असे मी मुलाला पुस्तकी थाटात सांगूनही टाकले होते. मंदगती चित्रफितीत मात्र भलतेच दिसले. शिंजीर फुलाच्या तोंडाशी गेलाच नाही. तो मागून देठावर बसला, पाकळ्यांच्या बुडाशी आपली सुईसारखी चोच खुपसली, आणि तिथूनच मध ओढून घेतला. परागकणांनी भरलेला तो लांब तुरा पुढच्या बाजूला तसाच लोंबत राहिला. त्याला शिंजिराचे एक पीसही लागले नाही. पाहुण्याने पुढच्या दाराने येण्याऐवजी मागची भिंत फोडून फराळ करावा, तसाच हा प्रकार. “काका, हा तर चोर आहे!” असे म्हणून पुतण्या टाळ्या पिटू लागला. पुस्तकातील वाक्य खोटे होते असे नाही. अन्य कित्येक फुलांशी शिंजीर प्रामाणिकपणे वागतो. पण आमच्या जास्वंदीशी तो कसा वागतो, हे मी कधी पाहिलेच नव्हते, हे खरे.

मंदगती चित्रणाला प्रकाश मात्र भरपूर लागतो. एका सेकंदाचे १२० वाटे केल्यावर प्रत्येक चित्राच्या वाट्याला प्रकाश तो किती येणार? सावलीत घेतलेली चित्रफीत काळवंडते. त्यामुळे आम्ही नेहमी उजेडाच्या शोधात राहू लागलो, आणि या उजेडाच्या हव्यासापायीच त्या वर्षी आमच्या हातून एक वाईट गोष्ट घडली.

मार्च महिन्यात बुलबुलाच्या जोडप्याने जास्वंदीत घरटे केले. माणसाच्या छातीइतक्या उंचीवर, पानांच्या दाटीत, एका दुबेळक्यात ते बसविले होते. बारीक काड्या आणि मुळ्या यांची ती एक लहानशी वाटी होती. काड्या ठिकठिकाणी कोळ्याच्या जाळ्यांनी चिकटविल्या होत्या. आत तीन अंडी होती. त्यांचा रंग फिकट गुलाबी, वर लालसर-जांभळे ठिपके. सुमारे दोन आठवड्यांनी पिले बाहेर आली. अंगावर पीस नाही, डोळे मिटलेले. पण झुडूप जरा हलले की तिन्ही माना ताडकन उभ्या होत आणि तीन तोंडे उघडत. आई आली असे त्यांना वाटे.

पिलांना भरविताना चित्रण करावे अशी मुलाची फार इच्छा होती. पण पाने आड येत आणि घरट्यात काळोख असे. “काका, ही एक फांदी बाजूला घेतली तर?” असे त्याने मला विचारले. फांदी तोडावयाची नव्हती, नुसती ओढून बांधावयाची होती. त्यात काय वाईट, असे मला वाटले. सुतळी मीच आणून दिली आणि गाठही मीच मारली. फांदी वळताच दुपारच्या उन्हाचा एक पट्टा थेट घरट्यावर पडला. मुलगा मोबाईल हातात धरून चार पावलांवर स्टुलावर उभा राहिला. पंचवीस मिनिटांनी तो आनंदाने धावत आला. आईने पिलांना अळी भरविली, ते त्याला मिळाले होते. त्याने पुढचा-मागचा भाग काढून टाकून एका मिनिटाची सुरेख चित्रफीत तयार केली. ती नातलगांना पाठविली. पुण्याहून, नागपूरहून शाबासकी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेंदीच्या कुंपणात भारद्वाज आला. काळे अंग, तांबूस पंख, लाल डोळे. त्याचे दर्शन शुभ मानतात. आजीने आम्हांला हाक मारून बोलाविले आणि हात जोडले, आम्हीही जोडले. तो सावकाश चालत जास्वंदीच्या दिशेने गेला. आम्ही चहा घ्यावयास आत आलो. नऊच्या सुमारास बुलबुलांचा कर्कश ओरडा ऐकू आला, मग तो थांबला. मुलगा बाहेर गेला, तो बराच वेळ परत आला नाही म्हणून मी गेलो. घरट्यात काही नव्हते. बुलबुलाची जोडी कपडे वाळत घालण्याच्या तारेवर बसली होती. एकाच्या चोचीत अजून अळी होती.

“काका, आपण फांदी बांधली म्हणून का?” असे त्याने विचारले. नाही, असे सांगण्याचे फार मनात आले. भारद्वाजाने घरटे कसे शोधले, हे पाहणारा कोणी नव्हता. फांदी जागेवर असती तरीही कदाचित त्याला ते सापडले असते. भारद्वाजालाही आपली पिले वाढवावयाची असतात आणि दुसऱ्यांची पिले हे त्याचे अन्नच आहे. परंतु आदल्या दिवसापर्यंत जे घरटे आम्हांला पाने बाजूला सारून पाहावे लागे, ते आता अंगणातून उभ्याने दिसत होते. “होय, तसे असू शकेल,” असे मी म्हणालो. त्याने काही न बोलता सुतळीची गाठ सोडली. फांदी आपल्या जागी परत गेली आणि घरटे दिसेनासे झाले.

त्या रात्री त्याने मला न कापलेली चित्रफीत दाखविली. संपूर्ण पंचवीस मिनिटांची. एका मिनिटाची चित्रफीत सर्वांनी पाहिली होती. ही कोणीच पाहिली नव्हती. तिच्या प्रारंभी तीन पिले उन्हात पडलेली दिसतात. थोड्या वेळाने ती धापा टाकू लागतात, चोची उघड्या राहतात. पाने फक्त लपविण्यासाठी नव्हती, सावलीसाठीही होती, हे आम्हांला तेव्हा कळले. मागे सतत एक आवाज येत राहतो. तो बुलबुलाचा इशाऱ्याचा आवाज. चित्रण करताना तो आमच्या कानांवर पडतच होता. आम्ही त्याला गाणे समजलो होतो. एकदा पडद्याच्या कोपऱ्यात तारेवर बसलेली मादी दिसते. चोचीत अळी आहे, ती घरट्याकडे पाहते, स्टुलाकडे पाहते, आणि खाली येत नाही. एकोणिसाव्या मिनिटाला ती आली, घाईघाईने अळी एका पिलाच्या तोंडात कोंबली आणि उडाली. तेवढाच भाग आम्ही ठेवला होता.

हे एकदा दिसल्यावर त्याला आपल्या इतरही गोष्टी आठवू लागल्या. फेब्रुवारीत त्याने दयाळाचे गाणे मोबाईलवर घेतले होते आणि तेच झाडाखाली मोठ्याने वाजविले होते. दयाळ तत्काळ खाली आला, शेपटी उभारून, पिसे फुलवून इकडे-तिकडे शोधू लागला. आम्हांला मोठी गंमत वाटली. वास्तविक तो रागाने आला होता. दयाळाचे गाणे म्हणजे ‘ही जागा माझी आहे’ असा पुकारा असतो. आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला असे समजून तो न दिसणाऱ्या शत्रूला धुंडाळीत होता. त्यात त्याची ती सकाळ गेली.

हे केवळ आमच्या मनाला लागलेले शल्य नव्हते. आपल्या देशात १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. त्यात रानातील पाखरांची अंडी किंवा घरटी विसकटणे, त्यांना उपद्रव देणे, हेसुद्धा शिकारीतच धरले आहे. घरटे आपल्या परसात असले म्हणून ते आपले होत नाही. मला हे ठाऊक होते. पण सुतळीची गाठ मारताना ते आठवले नाही.

पुढच्या वर्षी बुलबुल पुन्हा आले. तीच जोडी होती की दुसरी, हे ओळखण्याचा काही मार्ग नाही. या वेळी त्यांनी तगरीत, स्वयंपाकघराच्या खिडकीपासून तीन-चार हातांवर घरटे बांधले. मुलाने ते पाहिले आणि तो मागच्या मागे घरात आला. मग त्याने खिडकीच्या गजांना आतून एक जुनी चादर बांधली, तिला रुपयाएवढे भोक पाडले, आणि रव्याच्या डब्यावर मोबाईल ठेवून त्याचे भिंग भोकाशी नेले. कीर्टन बंधूंनी बैल केला होता. आमचे स्वयंपाकघरच बैल झाले. त्या खिडकीतून कुकरच्या शिट्ट्या, भांड्यांचा आवाज, वहिनींचे बोलणे हे सारे रोजच बाहेर जात असे, आणि बुलबुलांनी ते ऐकत ऐकतच घरटे बांधले होते. त्याचे त्यांना भय नव्हते. मोबाईल सावलीत असल्यामुळे तापला नाही. पाने थोडी आड येत. ती तशीच येऊ दिली.

चित्रे मागच्या वर्षीइतकी उजळ आली नाहीत. पण त्यांत जे दिसले, ते मागच्या वर्षी दिसले नव्हते. आई आणि बाप दोघेही पिलांना भरवीत. पहिल्या दिवसांत मऊ अळ्या, पुढे नाकतोडे, त्यानंतर लहान फळे. भरविल्यावर ती लगेच उडून जात नसत. घरट्याच्या काठावर थांबून पाहत. मग एखादे पिलू वळे आणि पांढऱ्या, चिकट आवरणाची एक गोळी बाहेर टाके. ती त्याची विष्ठा. आई ती चोचीत अलगद उचलून दूर नेई, कधी गिळूनही टाके. त्यामुळे घरटे स्वच्छ राहते आणि वासाने शत्रूला सुगावा लागत नाही. वहिनी म्हणाल्या, “म्हणजे दुपटी बदलण्याचे काम यांनाही चुकले नाही तर!” ऐन दुपारी पानांतून उन्हाचा एखादा कवडसा घरट्यात आला की आई पंख अर्धे उघडून पिलांवर उभी राही. स्वतः धापा टाकी, पण हलत नसे.

मुलाने आता एक वहीही घातली होती. चित्रफीत पाहताना तो पाखरू किती वाजता आले, चोचीत काय होते, किती वेळ थांबले, हे लिहून ठेवी. ही सवय त्याला एका धड्यातून लागली होती. १९३० साली डॉ. सालिम अली यांनी अलिबागजवळ किहीम येथे सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीचे फार चिकाटीने निरीक्षण केले, आणि नर एकामागून एक घरटी विणून एकामागून एक माद्यांशी संसार मांडतो, हे शोधून काढले. तेव्हा त्यांच्या खिशात मोबाईल नव्हता. मोबाईल खिशात असल्यावर वही कशाला, असे मी मुलाला मुद्दाम विचारले. “चित्रफीत नुसती पाहिली की विसरायला होते,” असे तो म्हणाला.

त्या वहीतील एक नोंद अशी होती: ‘मंगळवार. ७ वाजून ४ मिनिटांनी मादी तारेवर आली. चोचीत नाकतोडा. ७ वाजून १३ मिनिटांनी घरट्यात आली. मध्ये नऊ मिनिटे थांबली.’ एरवी ती थेट घरट्यात येई, मग त्या दिवशी का थांबली? त्याने चित्रफीत पुन्हा लावली. पानांमागे पांढरे लुगडे हलताना दिसले. आजी पूजेसाठी तगरीची फुले काढीत होती. ती गेली आणि पाखरू खाली आले. आजीला बोलावून दाखविल्यावर ती काही वेळ नुसती पाहत राहिली. “अगं बाई, म्हणजे माझ्यासाठी तू उभी होतीस होय!” असे ती पडद्यावरच्या पाखराला म्हणाली. त्यानंतर तगरीकडे ती फिरकली नाही. पूजेला पुढच्या अंगणातील कण्हेर आली.

पिले बारा-तेरा दिवसांची झाली, तो मुलाच्या परीक्षेचा शेवटचा दिवस होता. सकाळी जाताना त्याने मोबाईल सुरू करून ठेवला. दुपारी तो घरी आला आणि चादरीच्या भोकाला डोळा लावला. घरटे रिकामे होते. त्याचा चेहरा पाहून मी काही न विचारता मोबाईल हाती घेतला. त्यातील जागा भरल्यामुळे चित्रण आठ वाजून दहा मिनिटांनी आपोआप थांबले होते. शेवटच्या चित्रात एक पिलू घरट्याच्या काठावर चढून बसलेले होते. दोघे आत होते. पुढे काय झाले, याचे एकही चित्र नव्हते. पिले उडून गेली असली तरी घरटे असेच दिसणार, आणि भारद्वाज येऊन गेला असला तरी असेच.

आम्ही दोघे मागच्या दाराशी येऊन उभे राहिलो. परसात शांत होते. केळीची पाने वाऱ्याने हलत होती. थोड्या वेळाने मेंदीच्या कुंपणात, जमिनीपासून हातभर उंचीवर, चिरका, आर्जवी आवाज झाला. तसाच दुसरा, थोडा पलीकडून. मग पेरूवरून बुलबुल उतरला. त्याच्या चोचीत काहीतरी होते. मेंदीच्या पानांत एक आखूड शेपटीचे, फिक्या रंगाचे पाखरू पंख थरथरवीत, तोंड उघडून बसले होते. मी हळूच विचारले, “मोबाईल आणू का?”

त्याने माझ्याकडे न पाहताच ओठांवर बोट ठेवले.